अक्षूच्या वाट्याचं बोलणं

रवि. १२ ऑक्टो. ९७
गोगाबाबाची टेकडी. सकाळी साडेसहाला निघालो. चौघं एका स्कूटरवर. अक्षू पुढं उभा, मधी मुक्ता, मागं मी अर्धी हवेत. वर पोचलो की ह्यांची गिनती असते. हे म्हणणार एक, मी दोन, मुक्ता तीन. चार अक्षूचा, पण तोही मुक्ताच म्हणते, बारीक आवाज काढून. अक्षू खूश होऊन टाळ्या पिटतो.
पावणेचार वर्षांचा झाला. अजून एक शब्द नाही. हसतो, रडतो, बोट दाखवतो. बास.
वरून मकबरा एवढुसा दिसतो. "अक्षू म्हणतोय, तो खडूचा केलाय," मुक्ता म्हणाली. नऊ वर्षांची पोर, पण त्याच्या मनातलं तिला सगळं ठाऊक. निदान तिला तसं वाटतं. मला तर तेवढंही...

गुरु. १६ ऑक्टो.
शाळेतून अर्धी रजा, डॉ.कडे. कान तपासले, उत्तम. जीभ, टाळू, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी विचारलं, "घरात ह्याच्यासाठी बोलतं कोण?" आम्ही दोघांनी मुक्ताकडं बघितलं. तिला वाटलं शाबासकी मिळतेय, बाई उठून उभ्याच राहिल्या. "मी बोलते. त्याला तहान लागली की मला आधी कळतं."
डॉ. म्हणाले, आजपासून कुणी त्याच्या वतीनं बोलायचं नाही. त्याला गरज पडू द्या. मागू द्या. वाट बघा.
वाट बघणं मला जन्मात कधी जमलंय? पहिलीच्या पन्नास पोरांवर दिवसभर 'गप्प बसा' म्हणून खेकसते, आणि घरी येऊन एकाला 'बोल रे राजा' म्हणते. देवाला हसूच येत असेल.

मंगळ. २१ ऑक्टो.
नियम चालू. अक्षूनं वरच्या फळीकडं बोट केलं. काय पाहिजे? बोट. काय पाहिजे बाळा? बोट. दहा मिनिटं हेच. शेवटी पठ्ठ्यानं फरशीवर लोळण घेतली. मुक्ता दोन्ही हातांनी तोंड दाबून उभी, डोळे भरलेले. मग फुटलीच. "बिस्कीट पाहिजे गं त्याला, दे ना."
दिलं. वर मुक्तालाच झापलं. हे म्हणाले, "डबा काढलास तू, आणि बोलणी पोरीला?" बरोबर आहे ह्यांचं. पण तोंडावर कशाला कबूल करू.

रवि. ९ नोव्हें.
लिहायला हात होत नाही. तरी लिहिते.
सुट्टीतला शेवटचा रविवार म्हणून दौलताबाद. मुक्ताला किल्ला पार वरपर्यंत चढायचा होता. खंदकावरच्या पुलापर्यंत मजेत. सीताफळं खाल्ली, बिया कोण लांब उडवतं त्याच्या पैजा. मग अंधारी, किल्ल्यातलं काळंकुट्ट भुयार. पुढं मशालवाले चाचा, त्यांच्यामागं हे, मग मी, मग मुक्ता, आणि तिच्या हातात अक्षूचा हात. वळणाच्या पायऱ्या, वटवाघळांची घाण, आणि मागून कुठल्याशा सहलीची पोरं आरडत घुसली. नुसती रेटारेटी. अंधारातच ह्यांनी गिनती घेतली. एक. दोन. तीन. चार.
चार झाले म्हणून आम्ही पुढं गेलो. वर उजेडात आलो तर तिघंच.
मुक्ता स्वतःच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिली. "हात सुटला होता. मला वाटलं, बाबांनी उचललं त्याला."
"मग चार का म्हणालीस?"
"मीच म्हणते ना रोज."
खरंय. रोज तीच म्हणते आणि रोज आम्हाला ते चालतं. डॉक्टरचा नियम घरापुरता, सहलीत कसला नियम, असं आम्हीच ठरवून टाकलेलं.
हे आणि चाचा उलटे खाली पळाले. मी तोंडाशी उभी राहून हाका मारत होते, "अक्षू, ओ दे रे, अक्षू." कुणाला म्हणत होते मी? जो कधीच ओ देत नाही त्याला. खाली पाण्यानं भरलेला खंदक. आणि तेव्हा मी मुक्ताच्या मुस्काटात मारली. "तुझ्यामुळं गेला तो" असं म्हणाले. लिहिलंय, आता खोडणार नाही.
पंधरा मिनिटांनी चाचा त्याला कडेवर घेऊन आले. "जाली के पास बैठा था, कबूतरां देखता. रोया बी नै. मैं पूछा, नाम क्या बेटा, तो खाली हंस्या." मी त्याला इतकं आवळलं की तो किंचाळला. मग चाचांच्या पाया पडले.
घरी आलो तरी मुक्ताच्या गालावर माझी बोटं उमटलेली.

शुक्र. १४ नोव्हें.
शाळेत बालदिन. पोरांना गोळ्या वाटल्या, 'मुलं म्हणजे देवाची फुलं' यावर भाषण केलं. भाषण देताना स्वतःचीच लाज वाटली.
मुक्ता अक्षूसाठी बोलत नाही. त्याच्याशीही बोलत नाही. तो माठाकडं बोट दाखवतो, ही पुस्तकात डोकं घालते. तो फ्रॉक ओढतो, ही उठून दुसऱ्या खोलीत. डॉ.चा नियम आता घरात एकटी तीच पाळते.
संध्याकाळी तिला जवळ घेऊन माफी मागितली. चूक माझी, बाळा. मारायला नको होतं, आणि म्हणाले ते खोटं होतं. "हं," म्हणाली. अंग लाकडासारखं ताठ.

रवि. ३० नोव्हें.
हिमायत बाग. मुक्ताच्या पोटात दुखतंय. दर रविवारी दुखतं हल्ली. शेजारच्या काकूंकडं ठेवली, आणि तिघंच गेलो. काही मजा नाही. अक्षू चार पावलं चालला की मागं वळून बघणार, थांबणार. ह्यांनी पेरू घेतला, कापून तिखटमीठ लावून. त्यानं एक फोड खाल्ली आणि दुसरी मुठीत धरली. घरी येईपर्यंत सोडली नाही. आल्याबरोबर मुक्ताच्या वहीवर नेऊन ठेवली, गिचगिचीत झालेली.
मला वाटलं, आता ओरडेल. तिनं गपचूप खाल्ली. वही पुसली. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

रवि. २८ डिसें.
वैजापूर. सासरे, म्हणजे आबा, त्यांच्या शेतात हुरडा. मुक्ताचं पोट आबांनी निरोप धाडूनच बरं केलं. "नात आली नाय तर आगटी पेटवणार नाय." आली.
आबा कणसं भाजून तळहातावर चोळत होते आणि ह्यांची अब्रू काढत होते. "ह्यो इलास बी लई उशिरा बोलला. अन् बोलाया लागला तवा थांबलाच नाय. तुमी नाहक घोर लावून घेतलाय." मी म्हटलं, "घोर कसा नाही लागणार, आबा?" तर म्हणाले, "व्हय, तू मास्तरीण. तुला प्रश्न इचारला की उत्तर लागतं." खरंच की. राग आला, पण खरं.
मुक्ता सगळ्यांना सोडून लांब, बांधावरच्या बोरीखाली जाऊन बसली. अक्षूनं मूठभर गरम हुरडा उचलला आणि तिच्या मागं निघाला, ढेकळांतून अडखळत, सांडत. मी उठले. ह्यांनी पदर धरला. "बस. जाऊ दे त्याला."
लांबून बघत राहिलो. ती पाठ करून बसलेली. तो वळसा घालून तिच्या पुढ्यात गेला. हात पुढं केला. तिनं मान फिरवली. तो तसाच उभा. माझ्या हातातलं कणीस गार झालं. मग एकदम मुक्तानं वर बघितलं. गुडघ्यावर आली, त्याचे खांदे धरले, आणि कितीतरी वेळ दोघं तशीच.
परत आली ती हातात हात घालून.
"बोलला," मुक्ता म्हणाली.
"काय? काय म्हणाला?"
"त्यालाच विचारा."
अगं सांग की. आई म्हणाला का? ताई म्हणाला? एक शब्द का दोन? मी तिचे दंड धरून विचारत होते. चार वर्षं वाट बघतेय मी, माझा काही हक्क आहे का नाही?
ती हात सोडवून घेत शांतपणे म्हणाली, "आई, त्याच्या वतीनं बोलायचं नाही ना?"
आबा ठसका लागेपर्यंत हसले. अक्षूनं हुरड्याच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

रवि. ४ जाने.
आठवडा झाला. आम्हाला अजून काही ऐकायला मिळालेलं नाही. मुक्ता खोटं बोलली असेल? हे म्हणतात, नाही. आबा म्हणतात, नाय. मी ठरवलंय की नाही. तिची पोटदुखी गेली. सकाळी टेकडीवर तीच सगळ्यांच्या पुढं.
दुपारी जेवणानंतर आतल्या खोलीत दोघांची खुसफुस चालते. दार लोटलेलं. आज दाराला कान लावला, लाज सोडून. मुक्ताच बोलत होती, कबुतरांचं काहीतरी. मग म्हणाली, "मग?" आणि थांबली. बराच वेळ थांबली. हात दारावर होता माझा. आत गेले नाही.