आप्पांचा हार

रविवार, संध्याकाळ. खुटबाव.

मुलींची सायकल शर्यत फाट्यावरून जाणार, म्हणून माझे सासरे, आप्पा, हार आणि नारळ घेऊन थेट रस्त्यात उभे! घोळक्यात सगळ्यांत पुढे आप्पांची नात, आमची प्राजू. मी ओरडले, "आप्पा, बाजूला व्हा!" ऐकतील तर ना. आता सगळ्या पोरी एकमेकींवर आदळणार, असंच वाटलं. पण युरोपातल्या शर्यतींत सायकलपटू न थांबता खाण्याची पिशवी खांद्याला अडकवतात ना, अगदी तसाच तिनं हार उचलला आणि सुटली. कुणी पडलं नाही. कुणीच नाही!

आप्पा मात्र रुसलेत. "नारळ घ्यायला थांबली बी न्हाई."

उद्या शर्यत याच रस्त्यानं परत येणार. नारळ मी फोडून चटणीत वाटून टाकलाय.