तिसरं वचन केराबाईंना

५ मार्च, सकाळ

पाळकाने दुसऱ्याच्या घरात किती डोकवावं? सेमिनरीत हे कुणी शिकवलं नाही आणि मलाही उत्तर माहीत नाही. पण उत्तर येत नाही म्हणून गप्प बसणं म्हणजे नेतृत्व नव्हे.

आजपासून लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ. ईस्टरपर्यंत चहा बंद. रोज पहाटे उठून चर्चने राहायला दिलेल्या बंगल्याच्या मागच्या खोलीत चिंतन. आईवर चिडायचं नाही. मंडळीत एक तरी मोठं परिवर्तन घडवायचं.

६ मार्च

पहाट हुकली. संकल्प सोमवारपासून धरलेला बरा, आठवडा अख्खा मिळतो.

९ मार्च, रविवार

उपदेश पाऊण तास. लोक तल्लीन. काहींनी तर डोळे मिटून घेतले होते.

नंतर केराबाईंच्या भेटीला गेले. जुन्या मिलच्या चाळीत एकट्या राहतात. मुलगा इंद्रजीतदादा म्हणजे आमच्या चर्च कमिटीचे सेक्रेटरी, कॉयरचा मुख्य आवाज, जुळे सोलापुरात फ्लॅट. आता चाळ पाडणार आहेत. दादांनी ठरवलंय, ईस्टर झाला की आईला करमाळ्याला भाचीकडे सोडायचं. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणे. केराबाई म्हणाल्या, करमाळ्यात माझं कोण हाय गं? बाप्तिस्मा हितं झाला, लगीन हितं झालं, मालकांची माती बी हितंच.

चहा घेतला. दुःखी माणसाच्या हातचा चहा नाकारणं हा गर्व असतो. संकल्प शाबूत.

घरी आईला सांगितलं. (आई श्रीपूरहून माझा संसार लावून द्यायला आठ दिवसांसाठी आली होती, गेल्या जूनमध्ये. पप्पा तिथल्या साखर कारखान्यात. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पप्पांना तिथे अजून सांगावं लागतं की पोरगी शिकली खरी, पण डॉक्टर नाही.) आई म्हणाली, मागची खोली रिकामी हाय की, आण त्यांना. मी शांतपणे समजावलं. ती खोली रिकामी नाही, ती चिंतनाची आहे. शिवाय पाळकाचं काम कुटुंबाला जबाबदारीची जाणीव करून देणं, जबाबदारी उचलून नेणं नव्हे. आई म्हणाली, व्हय, तितं सध्या माझं ज्वारीचं पोतं चिंतन करतंय.

चिडले नाही. फक्त दार जोरात लागलं.

१६ मार्च, रविवार

आईबापांचा मान या विषयावर उपदेश. नाव घेतलं नाही, पण बाण बरोबर सोडला. उपासनेनंतर इंद्रजीतदादांनी हात हातात घेतला. म्हणाले, मॅडम, आजकालच्या पोरांना हे कुणीतरी सांगायलाच पाहिजे होतं.

बी पडलंय. उगवायला वेळ लागतो.

२३ मार्च, रविवार

कमिटीची मीटिंग. विषय गुड फ्रायडे. दुपारी बारा ते तीन, क्रुसावरची येशूची सात वचनं, सात वक्ते. कुठलं वचन कुणाचं, हे इथे जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढल्यासारखं ठरलेलं आहे. पहिलं कमिटीतल्या ज्येष्ठ शांतवनकाकांचं, आधी त्यांच्या वडिलांचं. तिसरं, म्हणजे येशू आपल्या आईला शिष्याच्या हवाली करतो ते, कित्येक वर्षं इंद्रजीतदादांचं. त्यावर ते दरसाल रडतात आणि मंडळीला रडवतात. त्यासाठी खास इस्त्रीचा रुमाल असतो.

आणि मला एकदम सुचलं. तिसरं वचन केराबाईंना! त्या उभ्या राहतील, मनातलं सगळं बोलतील. दादा विरघळतील. भर उपासनेत आईचा हात धरून तिला फ्लॅटवर नेतील. कागदावर आखून पाहिलं, कुठेही अडत नाही.

शांतवनकाका म्हणाले, पाळकबाई, बायकांनी वचनावर बोलायला आमची काय ना न्हाय, पण ना. मी म्हटलं, पुनरुत्थानाची पहिली बातमी कुणी आणली? बायकांनीच. इंद्रजीतदादा हसून म्हणाले, आईच्या हातात माइक दिला तर गुड फ्रायडेचा ईस्टर तिथंच उजाडेल. तेवढ्यात भजी आली आणि ठराव एकमताने पास झाला.

दादांना पाचवं दिलं, तहानेचं. छोटं आहे, पण खोल आहे.

२५ मार्च

इंद्रजीतदादा कॉयरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून लेफ्ट. नेटवर्कचा प्रॉब्लेम असावा.

२६ मार्च

त्यांच्या मिसेसही लेफ्ट. नेटवर्कच.

२ एप्रिल

केराबाईंची तयारी घेतली. म्हटलं, मावशी, घाबरायचं नाही, पोटातलं बोलायचं. त्या म्हणाल्या, घाबराया मी काय नवी नवरी हाय? विचारलं, काय बोलणार? म्हणाल्या, जे खरं हाय ते बोलंन की. मला इतका धीर आला की दोन कप चहा झाला.

पहाटेचं चिंतन स्वयंपाकघरात हलवलंय. मागच्या खोलीत पंखा नाही. आज पहाट साडेआठला झाली.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

कुजबुज आहे की पाळकबाई सेक्रेटरीला मंडळीपुढे उघडं पाडणार. आईला म्हटलं, कुजबुज ही जागृतीची पहिली खूण. आई म्हणाली, दुसऱ्याच्या चुलीत फुंकर माराया लई जोर हाय तुला.

चाळ सोमवारी रिकामी करायचीय, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी. करमाळ्याची गाडी सांगून झालीय. हरकत नाही. शुक्रवारनंतर दादा स्वतःच रद्द करतील.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे, संध्याकाळ

झालं ते लिहून काढते.

वेळ वाचावा म्हणून प्रत्येक वचनाआधीचा बायबलमधला शास्त्रपाठ मी थोडक्यात वाचत होते. केराबाई पांढऱ्या पातळात, माइक दोन्ही हातांत. दादा पुढच्या बाकावर, रुमालासकट.

केराबाई म्हणाल्या, क्रुसावर जीव चाललेला, तरी त्याला आईची काळजी. माझा लेक बी तसाच. तापानं फणफणले होते तवा रात्रभर पाय चेपत बसला. चाळ पडणार म्हटल्यावर मला रस्त्यावर न्हाय सोडलं, करमाळ्याला सोय लावली. असा लेक परत्येक आईला मिळू दे. आमेन.

सगळी मंडळी रडली. दादा तर खरोखरचं रडले, रुमाल पुरला नाही. त्यांना मिठ्या मारायला रांग लागली. शांतवनकाका मला म्हणाले, लई भारी आयडिया, पुढल्या वर्षी बी हेच ठेवा.

मी केराबाईंना बाजूला घेतलं. खरं का नाही बोललात? त्या म्हणाल्या, अन् लेकाची अब्रू भर मंडळीत काढू व्हय? आई हाय मी, वकील न्हाय. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुला ठावं होतं तर तूच का न्हाय गं बोललीस त्याला, दारात जाऊन? मी सांगणार होते की मी त्यावर एक पूर्ण उपदेश केलाय. सांगितलं नाही.

घरी येऊन तोच पाठ पुन्हा काढला. येशूला सख्खे भाऊ होते. तरी आई सोपवली शिष्याकडे, आणि शिष्याने त्याच घटकेला तिला घरी नेलं. हे शेवटचं वाक्य मी आज दुपारी वाचलंच नाही. वेळ वाचवला.

आईने चहा पुढे केला.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटे उठले. उपासनाच पहाटेची होती.

नंतर दादांच्या दारात गेले, तीन जिने चढून. म्हटलं, मावशींनी करमाळ्याला जाऊ नये असं मला वाटतं. दादा जमिनीकडे बघत म्हणाले, मॅडम, मलाही तसंच वाटतं, पण दोन खोल्यांत आम्ही पाच. त्यांच्या मागे खरोखरच दोन खोल्या होत्या, आणि पोरं दारात उभी राहून अभ्यास करत होती. हे मी आजवर पाहिलं नव्हतं. इथे मी कधी आलेच नव्हते.

२१ एप्रिल, सोमवार, दुपार

केराबाईंना चाळीतच विचारलं, आमच्याकडे राहायला येता का? त्या म्हणाल्या, येते, पण तुजा उपदेश लांबतो हे तोंडावर सांगणार. मान्य केलं. दादांनी पेटी स्वतः उचलली. बंगल्याच्या फाटकात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, पाळकबाईंना सोबत हवी होती, मंडळीसाठी मी आईला दिली. केराबाई अभिमानाने हसल्या, म्हणून मीही हसले.

कमिटीला विचारलेलं नाही. ज्वारीचं पोतं आईने माझ्या कॉटखाली सरकवलंय. स्वयंपाकघरातला पंखा मी सकाळीच वायरमनकडून मागच्या खोलीत बसवून घेतला. केराबाई त्याखाली घोरतायत.