पानी काय चंद्राचा नोकर हाय?

बोईसर,
२० जून

प्रिय दादा,

तुझा डबा पोचला. बोंबील छान कडक वाळलेत. किंजलने आणून दिला आणि देताना गालातल्या गालात हसत होती. का हसत होती ते पुढे येईलच. डबा रिकामा परत करायचा नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, ही आईची शिस्त तुला माहीतच आहे. या खेपेला खाली नारळाच्या वड्या आहेत, वहिनी आणि पोरांसाठी. वर हा कागद आहे, तो फक्त तुझा. तू म्हणशील, दिवसभर मोबाइलवर बडबडणाऱ्या या बयेला कागद कुठून सुचला? अरे, फोन केला की तू "बरं बरं, ठेव आता" म्हणतोस. बोलून मेसेज पाठवला तर अर्ध्यावर बंद करतोस. समोर येऊन बसले तर वहिनीला चहा टाकायला सांगून जाळ्यात डोकं घालतोस. चौदा किलोमीटरवर राहून आपण दोघं वर्षानुवर्षं हवापाण्यावरच बोलतो आहोत.

आधी बातमी सांगते, नाहीतर माझ्या पोटात राहायची नाही. निकाल लागला! एकोणीसपैकी अठरा पास, आणि आपली किंजल फिजिक्सला कॉलेजात पहिली. किंजल म्हणजे जमुनाकाकीची धाकटी, जी पहाटेपासून आईबरोबर बोंबील वाळवायला बांबूच्या वलांडीवर टाकते आणि मग धावतपळत बस पकडते, तीच. राहिला तो जिवल्या. डोंगराकडचा पोरगा, दिवाळीनंतर आईबापाबरोबर कामाला बाहेर गेला होता. दोन मार्कांनी गेला. मी रडवेली झाले तर त्यानेच मला समजावलं, "मॅडम, दोनच तं हाय, ऑक्टोबरला काढीन." हे एकोणीस कोण, ते तुला वेगळं सांगायला नको. मार्चमध्ये ज्यांना परीक्षेला बसू द्यायचं नाही असं ठरत होतं, ते हे. पंचाहत्तर टक्के हजेरी नाही म्हणून ब्लॅकलिस्टला लागलेले. तो बोर्ड अजून तिथेच आहे दादा, जिन्याच्या डाव्या हाताला. काच बदलली आहे, एवढंच. चोवीस वर्षांपूर्वी तुझं नाव तिथे लागलं होतं आणि मी तेव्हा त्याच कॉलेजात अकरावीला होते.

आता मुळापासून सांगते. मागच्या वर्षी मी मुलांसाठी मोबाइलवर धडे सुरू केले. पाच पाच मिनिटांचे, नुसत्या आवाजाचे, सोबत एखादी आकृती आणि शेवटी तीन प्रश्न. व्हिडिओ मुद्दाम नाही केला. तो उतरवायला यांचा दिवसाचा डेटा संपतो, आणि मासळी निवडताना व्हिडिओ बघणार कोण? आवाज कसा, नेटवर्क असेल तिथे उतरवून घ्यायचा, मग कान मोकळे असतील तेव्हा ऐकायचा. कारखान्यात पाळीला जाणारी पोरं बसमध्ये ऐकतात. अ‍ॅप माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, अंकुशने, करून दिलं. कोणी कुठला धडा कधी ऐकला आणि प्रश्नांची उत्तरं काय दिली, हे सगळं मला त्यात दिसतं. मी खूश. वर्गात मान डोलावणाऱ्यांचं पितळ आता उघडं पडेल म्हणून जरा जास्तच खूश.

ऑगस्ट-सप्टेंबरचा आलेख काढला आणि मी चक्रावले. तुमच्या किनाऱ्याकडची पोरं आठ दिवस झपाटल्यासारखी ऐकतात, प्रश्न सोडवतात, आणि पुढचे आठ दिवस एकदम सामसूम. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी अंकुशला फोन करून झापलं, तुझं अ‍ॅप बिघडलंय. बिचारा पालघरहून लॅपटॉप घेऊन आला, तीन तास तपासलं, काही सापडलं नाही. मग मी निष्कर्ष काढला की पोरं आरंभशूर आहेत. वर्गात त्यांना लेक्चरही झोडलं, नियमितपणावर! किंजल मान खाली घालून ऐकत होती. एका शब्दाने बोलली नाही. आपल्याकडची माणसं बोलतातच कुठे?

शेवटी डोळे उघडले ते शालूमावशीने. आमच्या प्रयोगशाळेत मदतीला असते, माहेर किनाऱ्यावरचं. पडद्यावरचा माझा आलेख बघत झाडू हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे तं भांग-उधानाचं पानी काढलंय तुमी." दादा, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे धावले. अष्टमी-नवमीला आलेख वर, अमावास्या-पुनवेला खाली. एकही चुकली नाही! उधाणात पाण्याला ओढ, होड्या बाहेर, घरादाराला मासळीतून मान वर करायला फुरसत नाही. भांगात पाणी सुस्त, होड्या किनाऱ्याला, जाळी विणत बसायचं. हे मला कॉलेजातल्या झाडूवालीने सांगावं? मी होडी हाकणाऱ्या तांडेलाची मुलगी, तांडेलाची बहीण. आमच्या घरात सोमवार-मंगळवार कोणी विचारत नव्हतं, आज तिथी काय एवढंच विचारायचे. आणि मी चंद्राचं गुरुत्वाकर्षण फळ्यावर काढून पगार घेत होते! शरम वाटली, पण खरं सांगू, हसूही आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याच पानावर मला तू दिसलास. फर्स्ट इयरचा तुझा हजेरीपट असाच तर असणार, आठ दिवस भरलेला आणि आठ दिवस कोरा. बाबांबरोबर होडीवर तूच जायचास. तुला सगळ्यांनी आळशी म्हटलं, आणि तू कोणालाही काही समजावलं नाहीस.

दिवाळीनंतर मी माझं वेळापत्रक तिथीवर लावलं. भांगात मोठे, अवघड धडे आणि दुपारी जादा तास. उधाणात नुसती उजळणी, तीन-तीन मिनिटांची. भांगाच्या तासांना बाकं पुरेनात. जिवल्याचं गणित वेगळं होतं, तो कामावरून जेवणाच्या सुट्टीत टेकाडावर चढून धडे उतरवायचा. आता ते गालातलं हसू. मागच्या ऑक्टोबरात, भांगातच, मी तुझ्याकडे आले होते आठवतंय? तू जाळं दुरुस्त करत होतास आणि मी उगाचच विचारलं, पुनवेला चंद्र सगळ्यात जास्त ओढतो, मग मोठं पाणी पुनवेला न येता बीजेला का येतं? तू वर न बघता म्हणालास, "पानी काय चंद्राचा नोकर हाय, हाक मारली की उठाया? जड हाय ते. झोपाल्याला धक्का आज देशील, तं तो चढत चढत वर जायाला येळ लागंल. चंद्र ओढून पुढं गेला तरी पानी आपलं मागून चढतंच राहतं." आणि मग दहा मिनिटं थांबलाच नाहीस. जन्मात पहिल्यांदा तुला इतकं बोलताना ऐकलं मी. दादा, माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. घरी येऊन त्याच्यापुढे माझ्या आवाजात सूत्र जोडलं आणि एकतिसावा धडा म्हणून लावून टाकला. वर्गात मी दोन वर्षं जे इंग्रजीतून शिकवून थकले, ते पोरांना तुझ्या झोपाळ्याने एका दिवसात कळलं. माझे धडे एकेकदा ऐकतात, तुझा चार-चारदा. तुला विचारलं नाही, चुकलं माझं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. आता रागाव हवं तर.

मार्चमध्ये ब्लॅकलिस्ट लागायची वेळ आली. माझ्या धड्यांनी मुलं शिकत होती, पण कॉलेजच्या पटावर गैरहजर ती गैरहजरच. किंजलची हजेरी बावन्न टक्के. नाव लागलं की वर्ष जाणार, आणि जमुनाकाकीने आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला थांबली तर शिक्षण बंद, मासळी आणि लग्न. मी कॉलेजच्या हजेरी समितीपुढे आलेख आणि कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवलं. एक वयाने मोठे सर आहेत, माणूस वाईट नाही पण हट्टी. म्हणाले, मोबाइल वाजत ठेवला म्हणजे शिकलं का? खिशात वाजेल आणि पोरगी गप्पा मारेल. प्रश्न अगदी बरोबर होता. तरी माझ्या तोंडातून निघून गेलं, मग बोलवा आणि विचारा. कोणालाही, काहीही, आत्ता.

त्यांनी यादीतल्या किनाऱ्याकडच्या पोरांमधलं सगळ्यात कमी हजेरीचं नाव काढलं. किंजल! नेमकी पुनवेनंतरची बीज. ती कशीबशी दुपारी येऊन पोचली, अंगाला मासळीचा वास, ओढणीच्या टोकाला खवले चिकटलेले. दारातच बिचकली. सरांनी पुस्तकातलंच विचारलं, बाहेरचा जोर आणि वस्तूचं हलणं यांच्यात अंतर का पडतं? मी डोळे मिटून घेतले. आणि मग ऐकू आलं, "सर, पानी काय चंद्राचा नोकर हाय?" पुढचं सगळं तिने आपल्या बोलीत सांगितलं, आणि खडू घेऊन फळ्यावर सूत्र मांडलं, एकही चिन्ह न चुकता. वर म्हणाली, "आज बीज हाय सर, घिवलीला येऊन बघा, दुपारचं पानी आमच्या वलांडीला लागलं असंल." सरांनी चष्मा काढून पुसला. मग पाच जणांना फोन लावून विचारलं, पाचही खणखणीत. एकोणीसही जण परीक्षेला बसले. आणि या जूनपासून कॉलेजने किनाऱ्याकडच्या मुलांसाठी तिथीचं वेळापत्रक मान्य केलंय, मोबाइलवरचा अभ्यास हजेरीत धरून. ठराव खुद्द त्या सरांनी मांडला!

पण त्या खोलीत अजून एक गोष्ट घडली, आणि खरं तर तेवढ्यासाठीच हा कागद. सरांनी किंजलला विचारलं, हे असं कोणी शिकवलं तुला? ती म्हणाली, "कमलाकांतकाकांनी." सरांनी माझ्याकडे बघितलं, हे कमलाकांत कोण, कुठल्या कॉलेजात असतात? दादा, चोवीस वर्षांपूर्वी त्याच बोर्डासमोर माझ्या मैत्रिणीने तुझ्या नावावर बोट ठेवून विचारलं होतं, हा तुझा कोण गं? मी म्हणाले होते, कोणी नाही, आमच्या गावातला आहे एक. मागे वळले तर जिन्यावर तू. केस ओले, हातात माझा विसरलेला डबा. तो तू कठड्यावर ठेवलास आणि निघून गेलास. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजला आला नाहीस, आणि तू ऐकलंस की नाही हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही. ऐकलंच असणार तू. त्या दिवशी समितीसमोर मी उठून उभी राहिले आणि शेजारच्या वर्गात जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तो माझा सख्खा भाऊ. घिवलीचा तांडेल. याच कॉलेजच्या ब्लॅकलिस्टवर नाव होतं त्याचं." येत्या शनिवारी नव्या वर्षाचा पहिला तास आहे, भरती-ओहोटीचा, आणि तो तू घ्यायचा आहेस. पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या आहेत, तेव्हा पाण्याचा बहाणा चालायचा नाही. मी त्या जिन्यापाशीच उभी असेन, आणि जो येईल त्याला सांगेन तू माझा कोण ते. येताना डबा आण, भरलेला.

तुझीच,
भागी