मागचे शॉकअप मी स्वतः बदलले

शनिवार, २ मार्च. सकाळ.

ठरलं. लाल गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप आणि स्प्रिंगा मी स्वतः बदलणार. गॅरेज नाही, मेकॅनिक नाही.

कारण एक: गाडी मागून बसली आहे. दोन सीटची, छत उघडणारी, वयाने माझ्याहून जरा लहान. पुढून पाहावं तर अजून चित्ता. मागून पाहावं तर जेवून सुस्तावलेली म्हैस.

कारण दोन: आबा, म्हणजे माझे सासरे. गाडी मूळ त्यांची. २४ तारखेला ते ऐंशी पूर्ण करतात आणि त्यांना एकच गोष्ट हवी आहे: या गाडीतून तळ्यापर्यंत एक चक्कर. सासूबाई असताना दोघं तिथे जायची. गेल्या वर्षी मी त्यांना न्यायला निघालो होतो. पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडी अशी आदळली की आबांची कंबर महिनाभर धरली. आता धक्का अजिबात चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आबा मला काही बोलले नाहीत. ही बोलली.

आजही बोलली. गॅरेजला दे म्हणाली. मी म्हटलं, व्हिडिओ पाहिलाय, बारा मिनिटांचा आहे. मधे चहा धरला तरी दुपारच्या जेवणाआधी हात धुऊन मोकळा.

रविवार, ३ मार्च.

सामान घरात आहेच. (ऑर्डर गेल्या आठवड्यातच दिली होती. काल ठरलं ते फक्त हिला सांगायचं.) स्प्रिंगा दोन प्रकारच्या मिळत होत्या, साध्या आणि 'रेसिंगसाठी खास'. ऐंशीव्या वाढदिवसाला साधं काय द्यायचं? खासच घेतल्या. पिवळ्याधमक आहेत. जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवल्या. हिने उचलायला लावल्या.

गाडी घरच्या गॅरेजच्या दारात घेतली, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, चाकं काढली. उत्तम प्रगती. मग खालच्या बोल्टला पाना लावला. बोल्ट हलला नाही. मी हललो.

व्हिडिओतल्या माणसाचा बोल्ट दोन बोटांनी निघतो. कॅमेऱ्याची ट्रिक असणार.

सोमवार, ४ मार्च.

सकाळी एक बारीकशी गोष्ट लक्षात आली. हिची रोजची गाडी आत, गॅरेजमध्ये. लाल गाडी दारात, चाकांशिवाय. त्यामुळे हिची गाडी बाहेर निघत नाही.

ही शाळेत उपमुख्याध्यापिका आहे. बसने गेली. जाताना काही बोलली नाही. याचा अर्थ तिला पटलं असावं.

शनिवार, ९ मार्च.

आठवडाभर बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारलं. फरशीवरचा गंज सुटला.

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. फ्रिज विकतो, पण जगातल्या प्रत्येक यंत्रावर बोलतो. वाकून बघितलं आणि म्हणाला, भाऊजी, बोल्ट गरम करा. मी म्हटलं, फ्रिजवाल्याने गरम करायला सांगू नये. विनोद चांगला झाला होता. तो हसला नाही.

तो गेल्यावर सहज विचार केला की गरम करून बघायला काय हरकत आहे. लेकीचा हेअर ड्रायर घेतला. बोल्ट कोमट झाला. ड्रायर गेला.

लेक म्हणते, बाबा, नवीन आणा. कामाचं मोल या घरात कुणालाच नाही.

रविवार, १० मार्च.

बोल्ट सुटला! म्हणजे तुटला. शेवटी परिणाम तोच. उरलेला तुकडा करवतीने कापण्यात दुपार गेली. दुसरा बोल्ट मात्र अनुभवामुळे बराच लवकर तुटला.

जुने शॉकअप बाहेर. एक हातात घेऊन दाबला. दाबला गेला आणि तसाच राहिला. या गाडीत आबांना बसवलं होतं मी. जरा वेळ पायरीवर बसून राहिलो.

हिला बस आवडायला लागली आहे. शेजारी बसणाऱ्या बाईंबरोबर रोज कोडं सोडवत जाते. हे सुख तिला माझ्यामुळे मिळालं, पण मी बोलून दाखवलं नाही.

शनिवार, १६ मार्च.

आज स्प्रिंग शॉकअपवर चढवायची होती. त्यासाठी ती आधी दाबून धरावी लागते. व्हिडिओतला माणूस त्यासाठी वेगळं हत्यार वापरतो. मी प्रवासाच्या बॅगांचे पट्टे वापरले. तीन पट्टे. डोकं असलं की हत्यार लागत नाही.

पट्टा तुटला. स्प्रिंग सुटली. माझ्या कानाजवळून गेली, छताला लागली, आणि हिच्या गाडीच्या दारावर आपटली. दाराला पोचा पडला. फार मोठा नाही. पेरूएवढा. मोठा पेरू.

आवाज ऐकून ही धावत आली. आधी माझे दोन्ही कान, डोळे, बोटं तपासली. सगळं जागेवर आहे हे बघितलं. मग दार बघितलं. मग आत गेली. आजचा दिवस शांततेत गेला.

रविवार, १७ मार्च.

मेहुण्याने स्प्रिंग दाबायचं हत्यार आणून दारात ठेवलं. मी मागितलं नव्हतं. परत करणं बरं दिसलं नसतं म्हणून वापरलं.

दोन्ही बाजू बसल्या! चाकं लावली! गाडी खाली उतरवली! दोन वॉशर आणि एक रबरी गोल उरला. कंपनी जास्तीचे देते, हरवले तर असावेत म्हणून.

मागची बाजू थोडी उंच दिसते. लेक म्हणाली, बदक पाण्यात डोकं घालताना दिसतं तशी. तिला स्पोर्ट्स कारमधलं कळत नाही.

सोमवार, १८ मार्च.

गाडी ऑफिसला नेली. कंट्रोल अप्रतिम. रस्ता जसा आहे तसा कळतो. प्रत्येक खडा कळतो. एका झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मोजता आले. स्पीडब्रेकरवर दाढेतलं सिमेंट पडलं, पण ते जुनंच होतं.

संध्याकाळी हिला चक्कर मारून आणली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर ती म्हणाली, थांबव. खाली उतरली आणि चालत घरी गेली. मागोमाग मी हळूहळू गाडी चालवत समजावत होतो की नव्या स्प्रिंगा आधी कडकच असतात, वापराने बसतात. ती एवढंच म्हणाली, आबांना यात बसवणार आहेस?

जेवलो नाही. भूक नव्हती. दाढेमुळे.

गुरुवार, २१ मार्च.

हिने आज अचानक रजा घेतली. डोकं दुखतंय म्हणे. मला म्हणाली, आज बसने जा, तुझ्या शॉकअपना जरा आराम दे. लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने शॉकअपच्या बाजूने विचार केला. मन भरून आलं. बसने गेलो.

शुक्रवार, २२ मार्च.

म्हटलं होतं ना! स्प्रिंगा बसल्या! गाडी लोण्यासारखी चालते. स्पीडब्रेकर आला कधी, गेला कधी, कळलं नाही. मागची उंचीसुद्धा बरोबर झाली. धातूला वेळ द्यावा लागतो. हिला हे तीनदा समजावून सांगितलं. तिन्ही वेळा ती 'हो का' म्हणाली. लेक मधेच उठून आत गेली.

रविवार, २४ मार्च.

सकाळी आबांना घेऊन निघालो. छत उघडं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, दोन्ही हातांनी सीट धरून ठेवली होती. तो स्पीडब्रेकर आला. त्यांनी डोळे मिटले. मीही मिटणार होतो, पण चालवत होतो. गाडी नुसती डुलली. आबांनी डोळे उघडले आणि सीट सोडली.

तळ्याकाठी बराच वेळ बसलो. म्हणाले, ती इथे यायच्या आधीच झोपायची. वाटेत तिसऱ्या वळणावर. उठवायला जीव व्हायचा नाही म्हणून मी गाडीतच बसून राहायचो. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आजही ती झोपली असती रे.

वाऱ्याने माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं.

घरी सगळी मंडळी जमली होती. केक कापल्यावर मी सस्पेन्शन या विषयावर थोडं बोललो. थोडं म्हणजे केक संपेपर्यंत. सगळे फार लक्ष देऊन ऐकत होते. मेहुण्याने चांगले तीन प्रश्नही विचारले. धातूला वेळ कसा द्यावा, हे त्याला नीट समजावलं.

तेवढ्यात दारात एक माणूस आला. म्हणाला, मॅडम, गुरुवारी माझा जॅक इथेच राहिला. आणि स्प्रिंगा ठीक आहेत ना? त्या कडक काढून साध्या घातल्यापासून आता आदळत नाही ना?

मी एकेकाकडे बघत गेलो. लेक ताटल्या उचलायला लागली. मेहुणा केकच्या रिकाम्या खोक्यात बघत राहिला. सगळ्यांना माहीत होतं. हिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की कुणी हसायचं नाही. आणि कुणीही हसलं नव्हतं. मेहुणासुद्धा. त्याचे ते तीन प्रश्न मी आता आठवतोय. एकही खोचक नव्हता.

मी गॅरेजमधून जॅक आणून त्या माणसाला दिला. थँक यू म्हटलं. आबांनी त्याला केक द्यायला लावला.

सोमवार, २५ मार्च.

काही नाही.

रविवार, ३१ मार्च.

हिला विचारलं, आधीच का नाही सांगितलंस? म्हणाली, तू आबांसाठी करत होतास, म्हणून. मग म्हणाली, शॉकअप तूच बसवलेत. त्याने फक्त स्प्रिंगा बदलल्या. आणि बोल्ट. आणि उरलेलं ते सगळं लावलं.

दुपारी म्हणाली, चल, तळ्यापर्यंत जाऊन येऊ. मी किल्ली शोधत बाहेर आलो, तर ती स्टिअरिंगवर बसलेली. मी वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसलो. लाल गाडीही छान चालवते. मला माहीत नव्हतं.

वाटेत एक मोठा खड्डा आला. लागलं का, असं विचारलं तिने.

नाही म्हटलं.