विवेकचा सत्कार

समुद्रपूर
४ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस,
बाबाचा सप्रेम जयभीम. वि. वि. आमी दोघं मजेत आहो. तू आली नाई म्हणून तुझ्या वाटच्या तुरीच्या शेंगा शेजारी गेल्या, तक्रार करू नको.

नागपूर-बंगलोर विमानात सेलूच्या बंडूजींले झटका आला आणि आपल्या विवेकनं त्यायचा जीव वाचवला! तू त्याच विमानात ड्युटीवर होती, मग घरी काऊन नाई सांगितलं? भावाचा हेवा वाटला का? गंमत करतो, रागावू नको. तेवीस तारखेले, रविवारी, विहारात त्याचा सत्कार आहे. पुढच्या महिन्यात तो इथंच दवाखाना उघडते. तू येजो. डोळ्यानं पाहणारी तूच, दोन शब्द तुलेच बोलायचे आहेत.

माया आहेच, तूही ठेवजो.
तुझा बाबा,
हेमराज

बंगलोर
१० फेब्रुवारी

ती. बाबांस,
जागृतीचा सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहून राह्यली.

दादानं कोणाले वाचवलं नाई. बंडूजी खुर्चीतच कलंडले. शुद्ध नव्हती, श्वास नव्हता. आमी त्यायले मागच्या मोकळ्या जागेत निजवलं. माझ्यासोबतच्या प्रेरणानं माइकवरून विचारलं का विमानात कोणी डॉक्टर आहे का. परत विचारलं. कोणी उठलं नाई. मी धावत दादाकडे गेली, खांदा हलवून म्हटलं का दादा, चाल. तो हळूच म्हणे का माणूस माझ्या हातात गेला तर माझं नाव खराब होईल, मी डॉक्टर आहे हे कोणाले सांगू नको. मग त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

प्रेरणानं आणि मी आळीपाळीनं छाती दाबली, शॉकची मशीन लावली. हाताखाली बरगडी मोडली, तरी थांबलो नाई. त्यायची बायको रुखमाबाई पाय धरून बसली होती. विमान हैदराबादले उतरवलं, तोवर श्वास परतला होता.

घरी सांगितलं नाई, कारण दादाची लाज मलेच वाटत होती. तुमीच त्याले विचारा.

आईले जपा, माझ्यावरही लोभ असू द्या.
जागृती

समुद्रपूर
१५ फेब्रुवारी

चि. जागृतीस,
जयभीम. वि. वि. विवेकले विचारायची गरज नाई. त्यानं आल्या दिवशीच मले सारं सांगितलं, रडला. डॉक्टर विमानात होता म्हणजे त्यानंच वाचवलं, असं लोकायनं धरून घेतलं. आमी फक्त नाई म्हटलं नाई. तू कोणाजवळ बोलली का, ते पाहायले मी तसं पत्र लिहिलं.

वस्तीतला पहिला डॉक्टर आहे तो. दवाखाना उघडायच्या आधीच त्याचं नाक कापायचं का? तुझं काय जाते पोरी? उद्या लग्न होऊन दुसऱ्या घरी जाशीन. रविवारी ये, चार शब्द चांगले बोल. आईले काही माहीत नाई, नसूच दे.

बापावर माया ठेवजो.
हेमराज

बंगलोर
२५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
जयभीम.

मी रविवारी आली नाई. दादा घाबरला, हे मी मनात माफ करून टाकलं होतं. घाबरते माणूस. तुमाले तर कसली भीती नव्हती. तुमी घरी बसून, चष्मा लावून, निवांत ते पत्र लिहिलं. हेवा वाटला का म्हणून विचारलं, तेव्हा तुमाले सारं माहीत होतं. खोटं न बोलायचं शील त्याच विहारात तुमीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

सुटी काढलीच होती. नागपूरले उतरून सेलूले गेली. घरी यायले पाय उचलला नाई. रुखमाबाईनं जेवायले बोलावलं होतं. बंडूजी खाटेवर बसून होते, खोकला आला का बरगडी धरतात. हसून म्हणे का इतक्या जोरानं तर बायकोनंही कधी मारलं नाई. मग विचारलं का पोरी, तू कोणाची. मी तुमचं नाव सांगितलं. त्यायच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, अशी लेक घडवणाऱ्या मायबापाच्या पाया पडायचं आहे, पत्ता दे.

मी दिला. येत्या रविवारी दोघं समुद्रपूरले येतात. आईसमोर त्यायले काय सांगायचं, ते तुमी ठरवा.

जागृती