माझ्या तोंडचं आमेन

गांगग्योंग
शुक्रवार, २१ फेब्रुवारी

चान्मी बाळा,

जेवलीस का? मी जेवले. गुडघा होता तसाच आहे, थंडी हलायचं नाव घेत नाही आणि शेजारचं कुत्रं परत माझ्याच दारात येऊन झोपतं.

तर आधी आली ती ग्वाकबाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण आपल्या चर्चमध्ये कुणाकडे कोण जाणार हे पाद्रीबाबांच्या आधी तिला कळतं. मंगळवारी मी अंगणात लसूण सोलत बसले होते, तर ही फाटकातूनच ओरडली, "चान्मीची आजी, ऊठ, तोंड धू! मोठी माणसं येताहेत तुझ्याकडे, आणि तू काय लसणाचा वास मारत बसलीयस!" मी म्हटलं, "अगं कोण?" तर म्हणे, "तुझ्या नातीचे साहेब! थेट डेजॉनहून, गाडी काढून!" आणि माझ्या हातातला लसूण काढून स्वतःच सोलायला बसली. वास आता तिच्या हाताला.

मी कपडे बदलते तोवर गाडी आलीच. तुमचे प्रमुख बेसाहेब आणि त्यांची बायको. साहेब मला वाटले होते त्यापेक्षा बुटके निघाले, पण आवाज काय! नुसतं "आजीबाई, कशा आहात" म्हटलं तर कुत्रं उठून गेलं. बायको गरीब स्वभावाची वाटली. आत येताना तिनं वाकून सगळ्यांच्या बूट-चपला दाराकडे तोंड करून लावल्या, माझ्यासुद्धा. निघताना पाय घातला की झालं. अशी सून मिळायला नशीब लागतं.

चान्मी, तुझं किती कौतुक केलं त्यांनी! मी हे सगळं लिहिणार आहे, तू लाजू नकोस. म्हणाले, कॉलेजच्या खानावळीपाशी पहाटेच्या गारठ्यात कॉफीचे पेले घेऊन उभी राहते. पोरं तोंड फिरवून जातात तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तसंच हसू. आजारी पडलेल्या पोरीला पेज करून नेली. परीक्षेत नापास झालेला एक रडत बसला होता, त्याच्याजवळ नुसती बसली, बायबल उघडलंसुद्धा नाही, आणि तोच आता सगळ्यांत पुढे बसून गातो. "असं दुसरं लेकरू आमच्याकडे नाही, आजीबाई," असं म्हणाले. ग्वाकबाईचं तोंड बघायला हवं होतंस. तिचा नातू बँकेत आहे ना, तर दर रविवारी आम्हाला बँक ऐकावी लागते. त्या दिवशी मी तिला चहा जरा जास्तच गोड करून दिला.

तू पहिल्यांदा सांगितलंस, "आजी, मी गान्सा झाले," तेव्हा मी किती घाबरले होते, आठवतंय? लबाडालाही आपण गान्साच म्हणतो. मला वाटलं, पोरगी एवढं शिकून लबाड झाली आणि वर आनंदानं सांगतेय! मग तू समजावलंस, कॉलेजातल्या पोरांमध्ये देवाचं काम करतात त्यांनाही गान्साच म्हणतात, अक्षरं वेगळी असतात. मला कुठली अक्षरं कळायला. ही सुद्धा म्हातारपणी, म्हाताऱ्यांच्या वर्गात जाऊन गिरवली. वर्गातल्या बाई म्हणतात, आजी, तुम्ही बोलता तसंच लिहिता, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवत नाही.

भेट म्हणून त्यांनी यॉतच्या चिकट गोड वड्यांचा डबा आणला. मोठा, लाल फडक्यात बांधलेला. साहेब म्हणाले, "चान्मी आमच्या कामाला अशीच चिकटून राहावी म्हणून!" सगळे हसलो. तू कॉलेजच्या परीक्षेला गेलीस तेव्हा मीही तुझ्या तोंडात यॉतचा तुकडा कोंबला होता ना, पोरगी कॉलेजात चिकटावी म्हणून. चिकटलीस. हे तर त्याहून चिवट आहे. ग्वाकबाईनं एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ तिला बोलता येईना. देवाची करणी.

मग प्रार्थना झाली. चांगली झाली. मग नाशपाती कापली.

नाशपाती साहेबांची बायको कापत होती, स्वयंपाकघरात, माझ्याजवळ बसून. साल अखंड काढत होती, एक सलग लांब पट्टी. मी आपलं विचारलं, "तुम्ही किती वर्षं आहात हो या कामात?" तर हसून म्हणाली, "मीही दोनच वर्षांसाठी आले होते, आजी." आणि साल तुटली. तिनं तुटलेला तुकडा उचलून ताटलीखाली लपवला, जणू काही झालंच नाही. मीही पाहिलं नाही असं केलं. पण तूही जाताना दोनच वर्षं म्हणाली होतीस, मला मग नाशपाती गोड लागली नाही.

चान्मी, नव्या वर्षाला तू आलीस तेव्हाचं बोलते आता. आलीस आणि झोपलीस. सूप गरम केलं, गार झालं, परत गरम केलं. तुझा फोन उशीखाली गुरगुरत होता. झोपेतच तू म्हणालीस, "हो, हो, येते," आणि उठलीही नाहीस. नंतर आपण मोड आलेल्या धान्याच्या शेपट्या खुडत बसलो होतो. तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "आजी, मला अशा ठिकाणी काम करायचंय जिथे कुणी कुणाला तुझं मन कसं आहे असं विचारत नाही. पाव भाजला की झालं. जळला तर टाकून द्यायचा, त्याच्यासाठी रडायचं नाही."

मी म्हटलं, "खुड नीट, शेपट्या ठेवतेयस."

मग तू म्हणालीस, "मी देवाला सोडलेलं नाही गं. पण दिवसभर तेच लोकांना वाटत फिरते, घरी आल्यावर माझ्यापुरतं उरत नाही. तू नाही का, जन्मभर खारवलेले झिंगे विकलेस आणि घरी कधी तोंडाला लावले नाहीस?"

मी म्हटलं, "ऊठ, हात धू, जेव."

हे मी तुला तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते. मी झिंगे खात नव्हते ते विटले होते म्हणून नव्हे. बरणीत मान घालून घालून मला वासच येईनासा झाला होता. दुकान तुझ्या बापानं बंद केलं आणि तो जहाजाच्या कारखान्यात दक्षिणेला गेला, तेव्हा मी रडले. सहा-सात महिने झाले असतील. एक दिवस ग्वाकबाईच्या घरी वाटीभर झिंगे पानात आले आणि मला वास आला, चान्मी. समुद्राचा. मी तिथंच बसून भात संपवला. ती म्हणाली, "अगं, जेवत नव्हतीस की काय घरी?" मला वाटतं देवाचंही तसंच होत असेल. बरणीतून मान काढली म्हणजे तो गेला असं नाही. येशूसुद्धा गर्दी टाकून नावेत बसून जायचा. त्याला काठावरून कुणी विचारलं नाही, किती वर्षं टिकणार म्हणून.

आता ती प्रार्थना.

प्रार्थनेच्या आधी साहेबांनी सांगितलं. गांगनुंगला, समुद्रकाठच्या कॉलेजात, आपलं कुणीच नाही. तिथं नवीन काम उभं करायचं, तीन वर्षं, आणि ते चान्मीनं उभं करायचं. एकटीनं, पहिल्यांदा. "तिला विचारलं तर म्हणते, प्रार्थना करतेय. महिना झाला, प्रार्थनाच करतेय. म्हणून म्हटलं, जिनं वाढवलं तिच्याकडे जावं."

मी म्हटलं, "बघू की."

"आजीबाईंची हरकत नाही ना?"

"आता काय सांगायचं. बघू की."

"देवाचीच इच्छा असेल तर?"

"बघू की हो."

तूच सांग, याहून स्पष्ट नाही कसं म्हणायचं? आपल्या चुंगचॉन्गात मासा महाग वाटला तर बघू की, स्थळ नको असलं तर बघू की. लहान पोरालासुद्धा कळतं की आता उठायचं. पण साहेब मूळचे सोलचे. त्यांना वाटलं, म्हातारी विचार करतेय. ग्वाकबाईला कळलं होतं, शपथ घेऊन सांगते, तिनं माझ्याकडे बघितलंही. पण बोलली नाही. मोठ्या माणसांपुढे तीही आपल्याच गावची.

मग त्यांनी डोळे मिटले. आवाज तुला माहीत आहे. आजीच्या गुडघ्यासाठी मागितलं, मी आमेन म्हटलं. तुझ्या बापासाठी मागितलं, आमेन. कुत्र्यासाठी मागितलं असतं तरी म्हटलं असतं. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो तेव्हा पाय आपोआप उडतो ना, तसं माझं तोंड झालंय. कुणी जरा थांबला की आमेन. आणि मग ते म्हणाले, "ही लेक आईच्या पोटापासून तुझी आहे, तीन वर्षं ती गांगनुंगला तुझा दिवा होईल, प्रभू..." आणि थांबले.

सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं.

डोळे उघडले तर साहेबांचे डोळे भरलेले. म्हणाले, "आजीबाईंनीच आमेन म्हटलं. आता देवापुढे ठरलं." ग्वाकबाई मला मिठी मारून रडली. बायको उठून नाशपाती घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी "बघू की" म्हणणार होते, पण आमेननंतर बघू की कसं म्हणतात, ते मला कुणी शिकवलं नाही. संध्याकाळी भाजीवालीनं मला दोन मुळे जास्त घातले. म्हणे, नात गांगनुंगला जाणार ना!

आणि खरं सांगू? मुळे घेताना मला आनंद झाला. पोटातून झाला. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसवतील, तुझं नाव घेऊन प्रार्थना करतील, माझ्याकडे वळून बघतील. तो आनंद घेऊन घरी आले आणि दार लावलं, तर तो माझ्या दाताला यॉतसारखा चिकटून बसला. गिळताही येईना, थुंकताही येईना. तू तिथं रोज हसतेस ते असंच असतं का गं?

फोन केला असता. पण फोनवर तू म्हणतेस मी ठीक आहे, मीही म्हणते मी ठीक आहे, आणि दोघी खोटं बोलून फोन ठेवतो.

नाही म्हणायचा सराव केला. किमचीच्या रांजणासमोर उभी राहून म्हटलं, "साहेब, पोरीला नको आहे." निदान तसं म्हणायला तोंड उघडलं. बाहेर आलं, "बघू की, साहेब." रांजणाला नाही म्हणता येत नाही, तर त्या आवाजाच्या माणसाला काय म्हणणार.

म्हणून बुधवारच्या प्रार्थनेला मी दुसरी युक्ती करून पाहिली. यॉतचा मोठा तुकडा तोंडात धरून गेले. पाद्रीबाबा थांबले, सगळे म्हणाले आमेन, माझ्याकडून नुसतं "ऊं". परत थांबले, परत "ऊं". ग्वाकबाईनं कोपर मारलं, "दात दुखतोय का?" मी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा मी पूर्ण प्रार्थना ऐकली, चान्मी. आमेन म्हणायची घाई नसली की कळतं, माणूस काय मागतोय ते.

तर ऐक. साहेब निघताना सांगून गेलेत, त्यांनी ठरवलंय की जिथं आमेन झालं तिथंच तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुला निरोप द्यायचा. तुला गाडीतून इथंच आणणार आहेत. तुला कदाचित इतकंच सांगतील की आजीला भेटायला जाऊ. तू मध्ये बसशील, ते डोळे मिटतील, गांगनुंग म्हणतील आणि थांबतील. माझ्या तोंडात यॉत असेल. ग्वाकबाईच्याही तोंडात मी आधीच एक तुकडा घालणार आहे, मोठा, आग्रह करून.

तिथं शांतता पडेल. ती शांतता तुझी. तुला नको असेल तर तिथं बोल, ज्या शब्दात येईल त्या शब्दात, तू गावाबाहेर शिकलीस, तुला नाही म्हणता येत असेल. आणि तुझ्याच तोंडून, तुझ्याच मनातून आमेन आलं, तर मी यॉत थुंकून तुझ्या मागून म्हणीन. खोटं वाटलं तर म्हणणार नाही. मला तुझा आवाज ओळखता येतो, फोनवरचा आणि धान्य खुडतानाचा.

काही बोलता नाही आलं तर नुसती ऊठ. नव्या वर्षाला विसरून गेलीस ते तुझे पांढरे बूट मी धुऊन वाळवलेत. दारात ठेवीन, बाहेर तोंड करून. भात लावलेला असेल, परत यायचं तेव्हा ये.

खारवलेल्या झिंग्यांची एक वाटी ठेवलीय, तुला वास येतो का बघू.

तुझं नाव मी देवापुढे रोज घेते. तिथं मात्र अजून कशालाच आमेन म्हटलेलं नाही.

तुझी आजी

ता. क. ते येत्या गुरुवारी येतो म्हणालेत, दुपारच्या जेवणानंतर.