पाठीवरचा अंगठा

मास्तर, फार उशिरा लिहितो आहे, माफ करा. तुम्ही होता तोवर धीर झाला नाही, आणि गेल्यावर पत्र कुठं घालायचं ते कळेना. बायको म्हणते, "मेलेल्या मानसाला पत्र? र्‍हावू दे, तुमीच जाताना घिऊन जावा की!" हसू आलं, तरी लिहायला बसलोच.

शाहूपुरीतली बँकेची ती इमारत पाडायला काढली आहे. दर्शनी भिंतीवर आपण घडवलेली, ओझं उतरून बसलेली सिमेंटची बाईही तिच्याबरोबर जाणार. नव्या इमारतीचं काम पेठ वडगावच्या एका जैन घरातली मुलगी बघते, आर्किटेक्ट आहे. परवा ती उचगावला माझ्या घरी आली. तुम्ही मला दिलेली वीतभर ब्राँझची बाई तिनं उचलली आणि पाठीवरच्या अंगठ्याच्या ठशावरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, "आजोबा, मूळ तर हीच ना? मशीननं मापं घेऊन हीच पंधरा फुटांची करू आणि दारात बसवू. सरांचा अंगठा जसाच्या तसा दिसला पाहिजे." मी म्हणालो, चहा घ्या.

मास्तर, तो अंगठा तुमचा नाही, माझा आहे. मे महिना होता. तुम्ही केलेली मेणाची बाई ब्राँझमध्ये ओतायला मी सायकलवरून फाउंड्रीत नेली. उन्हानं मेण मऊ झालं होतं, उचलताना अंगठा रुतला. सारखं करायला गेलो तर आणखी बिघडेल या भीतीनं तशीच ओतली. तुम्ही ब्राँझची पाठ चाचपून बघितली आणि तिला फळीवर ठेवलं. तुम्हाला कळलं होतं का, हे मला अजून ठाऊक नाही.

मग भिंतीचं काम आलं. तुम्ही तापानं पडलेले, म्हणून मीच त्या बाईची मापं घेऊन सिमेंटमध्ये सगळं वीसपट केलं. ठसासुद्धा. तो गाळला असता तर आपली चूक आपणच सांगितल्यासारखं झालं असतं ना! भिंतीवर तो परातीएवढा झाला. तुम्ही आलात, रस्त्यापलीकडं उभे राहिलात आणि तिथूनच ओरडलात, "अरं, ह्यो अंगठा कुणाचा? राक्षस बसलावता व्हय हिच्या पाठीवर?" भाजीवालीसुद्धा हसली.

तुम्ही तो खड्डा बुजवलात. तीन दिवस सकाळ-दुपार पलीकडं उभं राहून ऊन बघितलंत, मग पाठ सपाट करून खांद्याखाली खोल कापलंत. अकराचं ऊन आलं आणि तिथं सावली पडली. बाई खरंच दमलेली दिसू लागली. मी विचारलं, "मग ती ब्राँझची धाकटी कशाला केलीसा?" तुम्ही म्हणालात, "ती हातात घिऊन बघायची, किती दमल्या ते. मग इसरायची, आन भिंत करायची. मापानं मोठं केलं की नुसतं मोठं हुतंय."

हे त्या मुलीला सांगावं तर ती बेत सोडेल, आणि तुमचं शाहूपुरीत काहीच उरणार नाही. न सांगावं तर माझी चूक तुमच्या नावानं पंधरा फुटांची होऊन दारात बसेल. सकाळपासून बाई तीनदा फडक्यात गुंडाळली, तीनदा सोडली. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. ती मुलगी सोमवारी बाई न्यायला येणार आहे.

हे पत्र कुठं जाणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुमचं काम राहावं म्हणून मी गप्प बसलो, असं लोकांना सांगेन. पण तेवढंच नाही. त्या दारातून येणार्‍या-जाणार्‍यांनी माझा अंगठा बघावा, असं मला मनापासून वाटतं आहे. वाटू नये, पण वाटतं. चालेल का मास्तर? सोमवारच्या आत कळवा.